लाखनीची ग्रामसभा कुठे गेली?

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा मागे टाकून साकोलीकडे निघाला की वाटेत लाखनी लागते. या लाखनीत २०१५ च्या सुमारास एक बदल झाला आणि त्यातला सर्वांत मोठा भाग कोणाच्या डोळ्यांना दिसलाच नाही. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. मोहाडीत तेच झालं, लाखांदुरात तेच झालं. पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या टेबलाऐवजी मुख्याधिकाऱ्याची केबिन आली. तळं तेच, बोड्या त्याच, गावाच्या कडेला लागलेले धानाचे बांधही तेच. पण तोवर लाखनीतला प्रत्येक मतदार एका सभेचा जन्मभराचा सदस्य होता. तिथे उभं राहून सरपंचाला हिशेब विचारण्याचा त्याला हक्क होता. नगरपंचायत झाली आणि ती सभाच राहिली नाही.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेव्हा थक्क व्हायला झालं. माणूस तोच, घर तेच, आणि गावाचं शहर झालं म्हणून त्याचा बोलण्याचा हक्क गेला! मग शहरातल्या माणसाच्या हाती उरतं तरी काय? याचा शोध घेत कायदा चाळायला बसलं की आणखी एक आश्चर्य समोर येतं. उरतं ते पुष्कळ आहे. फक्त ते कोणी दवंडी पिटून सांगत नाही.

आधी ग्रामसभा म्हणजे काय ते नीट पाहू, म्हणजे काय गेलं ते कळेल. लोकसभेत आपण माणूस पाठवतो, विधानसभेत पाठवतो, जिल्हा परिषदेतही पाठवतो. ग्रामसभेत कोणी कोणाला पाठवत नाही. तिथे आपण स्वतः जातो. गावच्या मतदार यादीत नाव असलं की झालं, तुम्ही सदस्य. राजीनामा नाही, मुदत नाही, पुढच्या निवडणुकीची चिंता नाही. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ही सभा होतीच. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला थेट राज्यघटनेत जागा दिली.

स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस आणि अपेनझेल इनररोडेन असे दोन छोटे प्रांत आहेत. तिथे वर्षातून एकदा, वसंतातल्या एका रविवारी, सगळे मतदार गावच्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे मंजूर करतात. मतदानाचं वय सोळावर आणण्याचा निर्णय ग्लारुसच्या लोकांनी २००७ साली अशाच चौकात उभं राहून घेतला. ते पाहायला दूरदूरचे लोक जातात, त्यावर पुस्तकं लिहिली जातात. आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात पाचशेच्या वर ग्रामपंचायती आहेत. त्या प्रत्येकीत अशी सभा वर्षातून एकदा नाही, किमान चारदा व्हायची असते. परंपरेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ती भरते. एक झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम रंगात आलेला असताना, एक तेंदूपत्त्याच्या आणि उन्हाळी धानाच्या दिवसांत, एक रोवणी आटोपत आल्यावर, एक हलका धान कापणीला येण्याआधी. आपल्या शेतीच्या वर्षात ही सभा अशी चार ठिकाणी विणलेली आहे. तिचं कौतुक करायला कोणी येत नाही, एवढाच काय तो फरक.

तिचे नियमही पाहण्यासारखे आहेत. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे, दवंडी फिरली पाहिजे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. म्हणजे सहाशे मतदारांच्या गावात नव्वद, आणि दोन हजारांच्या गावात तीनशे नव्हे तर शंभर. नेहमीच्या सभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेत पंचायतीने गेल्या वर्षाचा जमाखर्च, कामाचा अहवाल, चालू वर्षात काय करणार आणि लेखापरीक्षणात काय शेरे आले, हे सगळं लोकांपुढे ठेवायचं असतं. सरपंचाने सबळ कारण नसताना सभा बोलावली नाही, तर त्याचं पदच धोक्यात येतं.

आता यातली एक बारीक गोष्ट. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. विषय मात्र तेच राहतात, नवा घेता येत नाही. त्यामुळे ज्या गावात लोक पहिल्या सभेला जात नाहीत, तिथे दुसऱ्या सभेला आलेली पंधरा-वीस माणसं साऱ्या गावाच्या नावाने ठराव करतात आणि तो ठराव पूर्ण कायदेशीर असतो. ‘आमच्या गावात ग्रामसभा कागदावरच होते’ अशी तक्रार आपण ऐकतो. पुष्कळदा ती कागदावर होते याचं कारण, पहिल्या दिवशी आपण घरी होतो.

ग्रामसभेची ताकद कुठवर जाते ते पाहायला आपल्याला स्वित्झर्लंडला जावं लागत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. २००९ साली तिला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार तिने झगडून मिळवला. मेंढ्याची खरी गंमत मात्र सभेच्या आधी आहे. तिथे अभ्यासगट बसतो. विषय आधी वाचला जातो, माहिती काढली जाते, जाणकाराला बोलावून विचारलं जातं, आणि मग सभेत चर्चा होते. माणसं तयार होऊन येतात, म्हणून त्या सभेला वजन आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, शहराकडे वळल्यावर तो कामी येणार आहे.

इथे भंडाऱ्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि ते पराभूत झाले. त्याच्या सहा वर्षं आधी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्यांच्या पंचायतींचे गोडवे गाणं नाकारलं होतं. खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता, असं त्यांचं परखड म्हणणं होतं. त्यांचं भय पोकळ नव्हतं. चावडीवर कोणी बोलायचं आणि कोणी पायरीखाली उभं राहायचं, हे आपल्या गावांनी शतकानुशतकं ठरवून ठेवलं होतं. म्हणून सभेचे नियम मला रुक्ष वाटत नाहीत. सात दिवसांची नोटीस, गणपूर्ती, लेखी ठराव, महिलांची आधीची सभा, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, २०११ पासून महाराष्ट्रात महिलांसाठी निम्म्या जागा, या सगळ्यांचा अर्थ एकच आहे. ज्याचा आवाज गावात आधीच मोठा आहे, त्याच्या एकट्याच्या आवाजावर निर्णय होऊ नये. नोटीस न लावता घेतलेली सभा ही किरकोळ चूक नसते. त्या दिवशी कोणाला तरी मुद्दाम पायरीखाली ठेवलेलं असतं.

तर लाखनीने, मोहाडीने, लाखांदुराने हे गमावलं. साकोली आणि सेंदुरवाफा मिळून नगरपरिषद झाली, तिथेही हेच. भंडारा, तुमसर आणि पवनी ही तर फार आधीपासूनची नगरपालिकेची गावं. भंडाऱ्याची नगरपालिका १८६७ सालची आहे, म्हणजे लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला त्याच्याही पंधरा वर्षं आधीची. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. स्वातंत्र्याच्या वेळी तालुक्या-तालुक्याला जनपद सभा आल्या, १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ साली जिल्हा परिषद सुरू झाली. राज्यं बदलली, कायदे बदलले, पण शहरातल्या नागरिकाला सभेत बोलण्याची जागा त्यातल्या कोणीच दिली नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांचा विचार केला खरा. तिने सांगितलं की तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहर सुमारे ९२ हजारांचं होतं. आता तिढा पाहा. खेड्याला ग्रामसभा आहे. महानगराला प्रभाग समिती आहे. आणि भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी अशा मधल्या मापाच्या गावांच्या वाट्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. महाराष्ट्राच्या नकाशावर अशी शेकडो गावं आहेत. खेडं म्हणायला मोठी, शहर म्हणायला लहान. माझ्या मते आपल्या स्थानिक लोकशाहीतली सर्वांत मोठी फट हीच आहे.

पण फटीतूनही उजेड येतो. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम उघडा आणि कलम ८१ वर या. हे कलम सभेचं आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे. आधीची सभा झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पुढची. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. एक चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलावता येते. नोटीस नगरसेवकांच्या घरी जाते, तशीच ती कार्यालयाच्या फलकावरही लागते. आणि पुढे ते वाक्य येतं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. सभा लोकांसाठी खुली असते. एखाद्या विषयाची चर्चा खासगीत व्हावी असं पीठासीन अधिकाऱ्याला वाटलं तर तेवढा अपवाद, आणि कामकाजात अडथळा आणणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार. बाकी दार उघडं.

नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या खुर्चीवर बसून सभा ऐकायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, ओळख लागत नाही. तरीही किती जण कधी तिथे बसले असतील? आपल्या रस्त्याचा, नळाचा, नालीचा, कराचा निर्णय ज्या खोलीत होतो, ती खोली आपण बहुतेकांनी आतून पाहिलेलीच नसते. ग्रामसभेत आपण सदस्य असतो. इथे श्रोते असतो. पण श्रोता बसलेला असला की बोलणाऱ्याची भाषा बदलते, हे कीर्तनाला गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आता विषयपत्रिका जवळून पाहू, कारण तिची भाषा एकदा कळली की पुढचं सोपं होतं. पहिला विषय जवळजवळ ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. झोप आणणारी ही ओळ फार मोलाची आहे. गेल्या वेळी जे ठरलं ते खरोखर तसंच लिहिलं गेलं का, याची शेवटची तपासणी इथे होते. विरोध नोंदवलेला असताना ‘सर्वानुमते’ लिहिलं गेलं असेल, तर नगरसेवकाने इथेच हात वर करायचा असतो. त्यानंतर कामांचे विषय येतात. अमुक प्रभागातील अंतर्गत रस्ता व नाली बांधकामाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे. अमुक कामाच्या प्राप्त निविदांच्या दरास मंजुरी प्रदान करणे. अमुक कामास मुदतवाढ देणे. आणि शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.

वरच्या तीन ओळी पुन्हा वाचा. एकाच रस्त्याच्या आयुष्यातले हे तीन टप्पे आहेत. पहिल्या ओळीत रस्ता कुठून कुठे, किती रुंद, नाली एका बाजूला की दोन्ही, हे ठरतं. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग ई-निविदा, आणि दुसऱ्या ओळीत ठेकेदार आणि दर ठरतात. कार्यारंभ आदेश निघतो, काम चालू होतं, मोजमाप पुस्तकात मोजमापं चढतात, देयकं निघतात. तिसरी ओळ येते ती काम रेंगाळल्यावर. आपण लोक जागे होतो कधी? दारात गिट्टी पडली की. नाली घराच्या जोत्यापेक्षा उंच होतेय हे त्या दिवशी दिसतं आणि मग आपण ठेकेदाराच्या माणसाशी भांडतो. तो बिचारा तरी काय करणार? त्याच्या हातात मंजूर झालेलं अंदाजपत्रक असतं. नालीची उंची बदलण्याची वेळ पहिल्या ओळीच्या दिवशी होती, आणि ती ओळ सात दिवस फलकावर लागलेली होती.

आयत्या वेळच्या विषयांवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. अडचणीच्या प्रसंगी ती सोय गरजेची असते, हे खरं. पण जो विषय फलकावर आलाच नाही, त्यावर कोणी तयारी करून येऊ शकत नाही. एखाद्या गावात महत्त्वाचे विषय पुन्हा पुन्हा आयत्या वेळीच येत असतील, तर तिथल्या नागरिकांनी ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. वर्षभराने ती वही स्वतःच बोलू लागते.

सभेला जायला जमलं नाही तर काय? याचं उत्तर मला सर्वांत आवडतं, कारण ते फार थोड्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. त्यानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. माहिती अधिकाराचा अर्जही करावा लागत नाही. जायचं, प्रोसिडिंग बुक मागायचं आणि वाचत बसायचं. त्यात प्रत्येक ठरावाला क्रमांक असतो, तारीख असते, सूचक कोण, अनुमोदक कोण, मतं पडली असतील तर कोणाची कुठे, सगळं असतं. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने वर्षभरात किती ठराव सुचवले, किती वेळा विरोध नोंदवला, हे त्या पानांवरून एका दुपारी कळतं. निवडणुकीच्या पत्रकात ते कधीच छापलेलं नसतं.

प्रत हवी असेल तर माहितीचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करू नये. ‘अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी’ असा नेमका करावा. नेमक्या अर्जाला टोलवाटोलवी करणं अवघड जातं.

हे झालं ऐकण्याचं आणि वाचण्याचं. पण शहरातल्या माणसाला बोलायला मिळतंच नाही, असंही नाही. काही प्रसंगी कायदा त्याला आवर्जून बोलावतो. शहराची विकास योजना, म्हणजे कुठे शाळा, कुठे बगिचा, कोणता रस्ता किती मीटरचा, याचा आराखडा प्रसिद्ध झाला की तीस दिवसांत कोणीही लेखी सूचना किंवा हरकत देऊ शकतो. ज्याने लेखी दिलं त्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. ज्याने नुसती पानठेल्यावर चर्चा केली त्याला मिळत नाही. मालमत्ता कराचं मूल्यांकन दर चार वर्षांनी नव्याने होतं, तेव्हा आकारणीची यादी पाहायला ठेवली जाते आणि हरकतीला मुदत असते. निवडणुकीआधी प्रभाग रचनेचा मसुदा येतो, त्यावरही हरकती मागवल्या जातात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टायपात ‘जाहीर सूचना’ छापून येते ना, ती या आमंत्रणाची पत्रिका असते. लग्नपत्रिकेपेक्षा दिसायला गरीब, पण तीस दिवस घरी पडून राहिली तर पुढची वीस वर्षं पस्तावायला लावणारी.

आणि एक प्रसंग असा आहे की तिथे शहरातला माणूस थेट मतच देतो. दारूचं दुकान. प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केली, सह्या तपासून खऱ्या निघाल्या, तर त्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या सगळ्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक. अट इतकी कडक असूनही महाराष्ट्रातल्या बायकांनी अनेक ठिकाणी बाटली आडवी केली आहे. घरोघर फिरून, यादीतलं एकेक नाव ताडून, सासरी गेलेल्या आणि कामाला नागपूरला असलेल्या मुलींना मतदानाच्या दिवशी बोलावून घेऊन. नागरिकशास्त्राचा याहून मोठा धडा मला तरी माहीत नाही.

सभेने घेतलेला निर्णयच बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर कलम ३०८ आहे. त्याखाली जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी त्यांच्याकडे ठरावाच्या प्रतीसह नेमकी तक्रार गेली पाहिजे, आणि ती प्रत कुठून मिळवायची ते वर आलंच आहे. शिवाय लोकशाही दिन असतो, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. सोमवार हा आपल्याकडे शंकराचा वार. तो नागरिकाचाही वार आहे, हे लोकांना कळायला हवं.

अंदाजपत्रकाचं काय? पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून आपल्या भागातल्या छोट्या कामांच्या सूचना फॉर्मवर मागवायला सुरुवात केली. फूटपाथ, दिवे, बाकं, बसथांब्यावरचं छप्पर. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली सुरू केलेल्या पद्धतीचं ते आपल्याकडचं रूप. भंडाऱ्यासारख्या नगरपरिषदेला असा फॉर्म काढायला कोणता कायदा आड येतो? कोणताच नाही. उरतो इच्छेचा प्रश्न, आणि इच्छा मागणीतून येते. डिसेंबर-जानेवारीत, अंदाजपत्रकाचं काम चालू असताना, दहा घरांनी मिळून सही केलेलं एक पानी निवेदन नगरसेवकाच्या हाती दिलं, त्याची पोच घेतली, तर तो विषय सभागृहात मांडायला नगरसेवकाला बळ मिळतं. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. पोच घेतलेलं विसरता येत नाही.

मेंढ्याचा अभ्यासगट आठवतो ना? त्याची शहरी आवृत्ती फार साधी असेल. मोहल्ल्यातली पाच-सहा माणसं. एक जण फलकाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. एक जण, बहुधा निवृत्त गुरुजी, विषयपत्रिकेतला सरकारी मराठीचा गुंता सोडवून सांगतो. दोघं सभेला जाऊन बसतात आणि काय झालं ते लिहून आणतात. लाखनीसारख्या गावात तर वर्षानुवर्षं ग्रामसभेत बोललेली माणसं अजून आहेत. प्रश्न कसा विचारायचा, हिशेबाच्या पानावर बोट कुठे ठेवायचं, हे त्यांना येतं. सभा गेली, पण ती सवय त्यांच्या अंगात आहे. ती पुढच्या पिढीला मिळण्याआधी विझू नये.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तिथे प्रशासक होते. त्या काळात ठराव होत होते, पण सभागृह रिकामं होतं. सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नाही, एकाच्या सहीने सगळं. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर त्या खुर्च्या पुन्हा भरल्या. मागच्या, लोकांसाठीच्या खुर्च्या भरायच्या राहिल्या आहेत.

तुम्ही भंडाऱ्यात, तुमसरात, पवनीत, साकोलीत, मोहाडीत, लाखनीत किंवा लाखांदुरात राहत असाल, तर येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता नगरपालिकेत जा आणि मागची सर्वसाधारण सभा कोणत्या तारखेला झाली एवढंच विचारा. त्या तारखेत दोन महिने मिळवा आणि घरच्या कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसाच्या आत पुढची सभा घ्यावीच लागते, आणि तिचं दार तुमच्यासाठी उघडं असतं.